नंबर आमच्या ह्यांचा

आमचे हे सतरा वर्षं औषधांच्या दुकानांना बिलं करायचं सॉफ्टवेअर विकतात. बनवते कंपनी, विकतात हे, आणि बिघडलं की धावतातही हेच. एकूण शहाऐंशी दुकानं. कुठल्या दुकानातला प्रिंटर कुठल्या बाजूने थोपटला की चालतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. माझा वाढदिवस तेवढा मोबाईलला लक्षात ठेवावा लागतो.

तर कंपनीने सगळ्या विक्रेत्यांना बोलावून सांगितलं की, आता सगळं क्लाउडवर. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काही बसवायचं नाही, बॅकअप घ्यायला जायचं नाही. सगळं कंपनीच्या मशीनवर. दुकानदाराने नुसतं इंटरनेटवरून उघडायचं. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "मग आम्ही काय करायचं?" साहेब गोड हसून म्हणाले, "तुम्ही नाती जपा."

हे घरी आले ते तोंड पाडूनच. "नाती जपा म्हणे! उद्या हे थेट दुकानदाराशी बोलतील आणि मला देतील वाऱ्यावर सोडून."

दोन दिवसांनी कंपनीकडून यादी आली. प्रत्येक दुकानदाराचा मोबाईल नंबर तपासून पाठवा म्हणून. आता गंमत अशी, की गिऱ्हाईक फुटू नये म्हणून ह्यांनी इतकी वर्षं प्रत्येक दुकानापुढे स्वतःचाच नंबर लिहिला होता. ही म्हणे धंद्यातली खुबी. यादी तशीच परत पाठवली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"अहो, नीट विचार केलात ना?" मी म्हटलं.

"तुला धंद्यातलं कळत नाही."

बरं बाबा, नाही कळत.

सोमवारी नऊ वाजता दुकानं उघडली. नव्या पद्धतीत आत शिरायला ओटीपी लागतो, आणि तो येतो यादीतल्या मोबाईलवर. दहा मिनिटांत ह्यांच्या फोनवर आकड्यांचा नुसता पाऊस. संदेशात दुकानाचं नाव नाही, आणि दोन मिनिटं झाली की आकडा रद्द. कोणाचा फोन लागेना. ज्याचा लागला त्याला हे दुसऱ्याचाच आकडा सांगायचे. मी चष्मा लावून आकडे कागदावर उतरवत होते आणि खरं सांगते, मनातून हसत होते. "धंद्यातली खुबी," असं मी एकदा म्हणालेसुद्धा. डोळे वटारायलाही त्यांना सवड नव्हती.

अकराच्या सुमाराला औषधवाल्या मावशींचा फोन लागला. ह्यांचं सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक. त्या ओरडल्या नाहीत.

"तापाने फणफणलेलं मूल घेऊन एक बाई आली होती," त्या म्हणाल्या. "औषध दिलं मी, हाताने बिल लिहून. पण माझ्याच दुकानाला तू तुझं कुलूप लावलंस होय रे?"

माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

दुसऱ्या दिवसापासून हे दुकानं पालथी घालायला लागले. प्रत्येक ठिकाणी स्वतः बसून आपला नंबर काढायचा, दुकानदाराचा घालायचा, ओटीपी कसा टाकायचा ते दाखवायचं. "फोनवर सांगा की," मी म्हटलं. तर म्हणाले, "चूक मी केली, ती फोनवर कशी निस्तरू?" आठ दिवस लागले.

शेवटचं दुकान मावशींचं. तिथे मीही गेले होते. त्यांचा मोबाईल वाजला, त्यांनी एका बोटाने आकडे दाबले आणि पडद्यावर त्यांचं दुकान उघडलं.

"झालं? एवढंच?" मावशींनी विचारलं.

"एवढंच," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. ह्यांचा फोन टेबलावर गप्प पडून होता. हे तो उचलून बघायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. दहा वाजता बाहेरच्या खोलीतून हाक आली, "अगं, मला जरा फोन लाव. बिघडलाय बहुतेक."

मी स्वयंपाकघरातून लावला. फोन खणखणीत वाजला.

"हॅलो, बोला!" हे म्हणाले.

चिडवायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती, पण मी म्हटलं, "अहो, इथे जरा अडलंय. येऊन बघता का?"

"आलोच!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मी घाईघाईने बिघडवायला काहीतरी शोधू लागले.