मिरचीच्या चोचीवरची खपली

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. काही जण मला भंगारही म्हणतात, तेही मला चालतं. धार गावातल्या तारकाम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. माझं दार लावताना ‘टक्’ असा सुरेख आवाज यायचा. तो ऐकायला गिऱ्हाइकं दार दोनदा लावून बघत. आता दाराला सुतळी बांधतात.

आधी माझ्यात पाखरं होती. ती गेल्यावर देवासच्या या घरात मी गच्चीवर कांदे सांभाळले. कांदे तक्रार करत नाहीत, पण गातही नाहीत.

मग पाचवीतल्या ईशानीने बजरीगर पोपटांची जोडी आणली आणि मला घासूनपुसून खाली आणलं. एक पाखरू पिवळं, एक हिरवं. तिचे वडील रणवीर म्हणाले, “लिंबू आणि मिरची! आता नजर लागायची काळजी नाही.”

नजर नाही लागली, पण कीड लागली.

मिरचीच्या चोचीच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागली. ईशानीला वाटलं, राळे खाऊन तोंड पुसलं नसेल. पण भुकटीची खपली झाली, तिच्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं पडली. पायांवरही तेच. मिरची माझ्या तारांवर चोच घासत बसे. पुढे तिला दाणा सोलता येईना. वाटी भरलेली आणि पाखरू उपाशी.

घरात रणवीरच्या काकी राहतात, भवानीबाई. त्यांना सगळे काकीसाहेब म्हणतात. त्यांच्या मोठ्या पेटीत सासूबाईंचे जरीचे शालू आहेत. दसऱ्याला एक बाहेर निघतो, बाकीच्यांना कसर लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या असतात. तीन पिढ्यांत एका शालूला भोक नाही. त्याचा काकीसाहेबांना केवढा अभिमान!

“कीड ती कीड,” त्या म्हणाल्या. मलमलच्या चिंधीत गोळ्या बांधून त्यांनी ती पुरचुंडी माझ्या आत, दांडीशेजारी टांगली. वर हवा लागू नये म्हणून मला चादर घातली. सगळं मायेनं केलं, मित्रांनो. मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

ईशानी शाळेतून आली तेव्हा मिरची तळाशी पिसं फुगवून बसली होती. शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली होत होती.

“बाबा, मिरची मरतेय!”

रणवीरनी चादर ओढली, पुरचुंडी बाहेर फेकली आणि मला ओसरीत मोकळ्या हवेत ठेवलं. तासाभराने श्वास जरा संथ झाला. काकीसाहेब दारात उभ्याच होत्या. “शालवांना कधी काही झालं नाही रे,” एवढंच बोलल्या.

“काकीसाहेब, शालू श्वास घेत नाहीत,” ईशानी म्हणाली. कोणी तिला रागावलं नाही.

इंदूरचे पक्ष्यांचे डॉक्टर बाहेरगावी होते. मग मला स्कूटरवर मांडीत धरून डॉक्टर उमाशंकरांकडे नेलं. ते गाई-म्हशींचे डॉक्टर.

“देखो भिया,” ते म्हणाले, “अपन ढोर वाले हैं. पंछी का अपने को ज़्यादा नहीं पता.”

“आमच्या गोठ्यातलं गोचिडाचं इंजेक्शन उरलंय, तेच थोडं टोचू का?” रणवीरनी विचारलं.

“अरे भिया! वो चार सौ किलो की भैंस का है. ये तो दो पेढ़े जितनी है. टोच्या तो गई!”

मग त्यांनी खपलीचा फोटो पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या आपल्या एका डॉक्टर मैत्रिणीला पाठवला, फोनवर बराच वेळ बोलले. तिने सांगितलं, खपलीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे आहेत. मिरचीला रुमालात गुंडाळून सराफाच्या काट्यावर तोललं. सराफ म्हणाला, “हॉलमार्क नहीं है इसका?” त्या वजनाचा हिशोब करून पातळ केलेल्या औषधाचा थेंब डॉक्टरांनी मानेवरची पिसं सारून कातडीवर टाकला. लिंबूलाही, कारण एकाला झालं की दुसऱ्याला होतंच. खपलीवर पेट्रोलियम जेली अगदी हलकी लावायची, नाकपुडी सोडून. खपली ओढून काढायची नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच थेंब.

माझंही औषध झालं. जुन्या लाकडी दांड्या चुलीत गेल्या. काकीसाहेबांनी पदर खोचून मला उकळत्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं, पेरूच्या नव्या दांड्या बसवल्या. सोललेले दाणे त्या तळहातावर घेऊन मिरचीपुढे धरत. ती घेई, कधी नाही.

खपली हळूहळू गळली. चोच जरा वाकडी राहिली, पण काम करू लागली.

मित्रांनो, मुक्या जिवाला काय होतंय ते कळलं नाही, तर कळणाऱ्याला विचारा. घरातला उपाय चांगला असेलही, पण तो कोणासाठी आहे ते आधी बघा.

परवा काकीसाहेबांनी दाणे घेऊन हात आत घातला आणि जोरात ओरडल्या. ईशानी धावत आली. काकीसाहेबांच्या बोटावर रक्ताचा एवढासा ठिपका होता, आणि त्या हसत होत्या.

“चावली गं मेली! आता खाईल स्वतःचं स्वतः.”