चकाकीसाठी चार आठवडे

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी नडीन स्टोव्हॉल ट्रेलरवर एक गाडी बांधून माझ्या अंगणात आली. दर शनिवारी जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्या आमच्या क्लबातले दोघे-चौघे माझ्या शेडमध्ये जमतात, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. त्या दिवशी गारो ताशजियान आणि मॅन्युएल आविला होते. गारोच्या मनुकांच्या द्राक्षबागा आहेत. मॅन्युएल गावातल्या सगळ्या गोठ्यांची यंत्रं वेल्डिंग करून देतो. तिघांच्याही हातात कॉफी होती. नडीनने ताडपत्री ओढली आणि मी कप खाली ठेवला.

गाडी मी ओळखली. बत्तीस सालची फोर्ड, बिनटपाची, पुढून खाली वाकवलेली. डेल्बर्ट स्टोव्हॉलने ती वयाच्या एकविसाव्या वर्षी बापाच्या कोठारात स्वतःच्या हाताने बांधली होती. डेल्बर्ट हायस्कूलमध्ये माझ्याकडे लोहारकाम शिकला. नडीन त्याची मुलगी.

"एंगस्ट्रॉम सर ना तुम्ही?" ती म्हणाली. "बाबांची आहे. चालती करायचीय."

"चालती करायला काय लागतंय," गारो विजेरी घेऊन गाडीखाली सरकत म्हणाला. "थांबती करायला मात्र लागेल. अगं, पुढचे ब्रेक कुठे गेले?"

"मला काय माहीत."

"काढलेत. तेव्हा सगळेच काढायचे. पुढून गाडी कशी सडपातळ दिसते."

मॅन्युएल सीटखाली वाकला आणि हसायला लागला. "पेट्रोलची टाकी बघा. दुधाचा कॅन आहे. इथल्याच एखाद्या गोठ्यातून उचललेला असणार."

"सीट कशावर आहे?" मी विचारलं.

"प्लायवूडवर. दोन बोल्ट." त्याने चौकटीच्या जोडांवरून अंगठा फिरवला. "आणि हे वेल्डिंग म्हणजे कोंबडीने अंगणात केलेलं काम."

"जपून बोला," नडीन म्हणाली. "बाप आहे माझा."

मॅन्युएलने टोपी काढली, पुन्हा घातली. "चुकलो. बरी कोंबडी होती."

ती हसली, तेवढ्याने वातावरण सैल झालं. मग तिने सांगितलं. डेल्बर्टने आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलं होतं आणि आता त्याची फुफ्फुसं गेली होती. तो पंचावन्न वर्षांचा होता. नाकात ऑक्सिजनची नळी, गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात एक खाट. डॉक्टरांच्या मते उन्हाळा दिसला तर दिसला.

"मला त्यांना एकदा या गाडीत बसवायचंय," ती म्हणाली. "कालव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. चार मैल. पण मी शाळेची बस चालवते, सर. रोज सकाळी साठ मुलं बसायच्या आधी एकेक चाक बघते. या गाडीत त्यांना तशीच बसवणार नाही."

"त्याने ही पुढे कधी चालवलीच नाही?" मी विचारलं.

"नाही. मी जन्मल्यापासून कोठारातच आहे. म्हणायचे, सरांना गाडी आवडली नव्हती."

पण काय झालं होतं ते मला नीट आठवत होतं, आणि इथे ते सांगायलाच हवं.

साठ सालची गोष्ट. तेव्हा पोरं अशा गाड्या बांधून रस्त्यावर शर्यती लावत, मरत, आणि पोलीस आमच्या नावाने बोटं मोडत. म्हणून क्लबाने नियम केला होता की गाडी तपासून पास झाली तरच तिच्या मागे क्लबाची ओतीव पाटी दोन साखळ्यांनी लटकवायची. पाटी नसलेल्या गाडीला आमच्यात कोणी मोजत नसे. तपासनीस मी होतो. डेल्बर्टने गाडी आणली तेव्हा तिचा स्टिअरिंगचा दांडा आरशासारखा चमकत होता. त्याने तो कापून, लांब करून, पुन्हा जोडला होता, जोडाचा उंचवटा कानशीने पार घासून काढला होता आणि वर क्रोम चढवलं होतं. जोड कुठे आहे ते दिसू नये, हीच तर त्याची हौस. असा दांडा एखाद्या वळणावर काही न सांगता तुटतो. मी त्यावर पिवळ्या खडूने फुली मारली आणि पुढच्या गाडीकडे गेलो.

फुली बरोबर होती. पण तिचं कारण मी सांगितलं नाही. तापलेलं पोलाद एकदम पाण्यात का बुडवायचं नाही, हे मी चौदा वर्षांच्या पोरांना चार-चारदा समजावत असे, आणि पाचव्यांदा कोणी विचारलं तरी मला बरंच वाटे. त्या दिवशी मात्र मी एक वाक्यही बोललो नाही. डेल्बर्ट गाडी घेऊन घरी गेला आणि पुन्हा क्लबाकडे फिरकला नाही.

आम्ही कामाला लागलो. मॅन्युएलने चौकटीचे सगळे जोड कापून पुन्हा जोडले, आतून पट्ट्या दिल्या, आणि या वेळी जोडांचे उंचवटे तसेच ठेवले. गारोने कुठून तरी पुढचे ब्रेक पैदा केले. डेल्बर्टचा दांडा मी फेकून दिला आणि त्याजागी अखंड घडीव दांडा बसवला. सल्ल्यांना तोटा नव्हता. प्रत्येक शनिवारी कोणीतरी डोकावायचा आणि म्हणायचा, "इतकं उघडलंच आहे तर हेही करून टाका." नडीन वहीत लिहून घ्यायची आणि विचारायची, "हे सुरक्षेसाठी की शोभेसाठी?" शोभेसाठी असलं तर खोडायची.

मार्चमध्ये एकदा मी डेल्बर्टला भेटायला गेलो. गारोच्या बायकोने भाजलेला गोड पाव नेला होता. त्याने एक छोटा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"सर, माझं वेल्डिंग बघितलंत?"

"बघितलं."

"कसं होतं?"

"त्या वयाच्या मानाने बरं."

"म्हणजे वाईट." तो हसला आणि मग बराच वेळ खोकला. "आता दांडा कुठला बसवलात? तोच चमकणारा?"

"तो काढला, डेल्बर्ट." आणि मग मी त्याला सांगितलं. जोडाचा उंचवटा घासला की जोडाची ताकद जाते. वर मुलामा चढवला की आत पडलेली चीर दिसत नाही. शिवाय मुलामा चढवताना कडक पोलाद ठिसूळ होतं, ते लगेच भट्टीत काही तास शेकावं लागतं. पूर्वी वर्गात ऐकायचा तसा तो एकटक ऐकत होता.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

"हे तर मी आठवड्यात बदललं असतं. मला वाटलं, सगळी गाडीच टाकाऊ आहे. तेव्हा का नाही बोललात?"

"तुझ्यामागे अकरा गाड्या उभ्या होत्या."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "अकरा," तो म्हणाला. मग त्याने पावाचा तुकडा खाल्ला आणि चांगला आहे म्हणाला.

त्या दिवसानंतर मला ती गाडी नुसती चालती पुरेनाशी झाली. तिच्यामागे पाटी हवी होती, आणि ती सगळ्या क्लबासमोर, डेल्बर्ट बघत असताना लागायला हवी होती. मी हे कोणाला सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा सरळ शब्दांत सांगितलं नाही.

नऊ एप्रिलला, शनिवारी, नडीनने गाडी माझ्या गल्लीतून फिरवून आणली. तीनदा जोरात ब्रेक मारून पाहिला. गाडी तिन्ही वेळा सरळ थांबली. पुढचा अ‍ॅक्सल आम्ही ब्रशने काळा रंगवला होता, रंगाचे ओघळ दिसत होते. डाव्या-उजव्या दरवाज्यांचे रंग जुळत नव्हते. ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी मॅन्युएलने सीटशेजारी एक पक्की कडी बसवली होती.

नडीन उतरली. तिचे गाल लाल झाले होते. "उद्या बाबांना घेऊन जाते," ती म्हणाली. "रविवार आहे, रस्ता मोकळा असतो."

"अशी?" गारोने कपाळाला हात लावला. "हे रंगाचे ओघळ घेऊन? चौतीस वर्षांनी माणूस स्वतःच्या गाडीत बसणार आणि पुढून ती चिखलातून काढलेल्या नांगरासारखी दिसणार?"

"त्यांना चालेल."

"त्याला चालेल गं, पण आपल्याला चालतंय का? सात मेला क्लबाचा मेळावा आहे. साठ गाड्या येतील. पुढचा अ‍ॅक्सल क्रोमला देऊ, दरवाजे रंगवू. सगळ्यांच्या मधोमध आणू त्याला."

नडीनने वही काढली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, हे शोभेसाठी आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग काय करू?"

या वेळी खरं ते सांगायला मला वेळ होता. मागे एकही गाडी उभी नव्हती. "चार आठवडे थांबू या," मी म्हणालो. "त्याला त्याची पाटी मिळू दे."

"तुम्ही म्हणता तर थांबते," ती म्हणाली.

अ‍ॅक्सल क्रोम चढवायला फ्रेझ्नो शहरात गेला. दहा दिवसांत देतो म्हणालेल्या माणसाने सतरा दिवस घेतले. आला तेव्हा त्यात तोंड दिसत होतं. मी विचारलं, भट्टीत शेकला का, तर म्हणाला, विसरलो. मी तो परत पाठवला आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. तिथे मी बरोबरच होतो, यात शंका नाही. तोवर गाडी माझ्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, पुढची चाकं नसलेली. त्या आठवड्यांत हवा इतकी सुंदर होती, की मी रोज सकाळी शेडचं दार उघडून ठेवायचो आणि रस्त्याकडे बघत बसायचो.

नडीन दोनदा विचारायला आली. दुसऱ्या वेळी म्हणाली, "ते आता फार वेळ बसू शकत नाहीत. पण मेळाव्याचं सांगितल्यापासून त्या दिवशी घालायचे कपडे काढून ठेवलेत."

मेळाव्याच्या आधीच्या मंगळवारी पहाटे डेल्बर्ट गेला.

अ‍ॅक्सल त्याच आठवड्यात, गुरुवारी आला.

शुक्रवारी त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशीच्या मेळाव्याला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र आम्ही तिघांनी गाडी पुरी केली, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. गारोने दरवाजे रंगवले. मॅन्युएलने पाटी आणली, तिला साखळ्या लावल्या आणि गाडीच्या मागे लटकवली. ऑक्सिजनची कडी काढू का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणालो.

नडीन एकवीस तारखेला आली. गाडीभोवती एक फेरी मारून ती पुढे येऊन थांबली. अ‍ॅक्सलमध्ये तिचे बूट दिसत होते.

"नऊ एप्रिलला," ती म्हणाली, "ही गाडी कालव्यापर्यंत जाऊन परत आली असती?"

"पोरी, कोणाला ठाऊक होतं," गारो सुरू झाला, "अशा गोष्टी काय कोणाच्या—"

"गारो, मी सरांना विचारतेय."

"आली असती," मी म्हणालो.

"बाबांना घेऊन?"

"हो. काही भीती नव्हती. तू पाहिलंस, तिन्ही वेळा सरळ थांबली."

"मग तुम्ही थांबायला का सांगितलंत?"

मी एका स्टुलावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. खडूची फुली, अकरा गाड्या, पाव घेऊन गेलो तो दिवस. म्हणालो, डेल्बर्टला कालव्यापर्यंत जायचं होतं आणि मला त्याला सगळ्यांसमोर पास करायचं होतं. त्याच्या नावाखाली मी माझं काम पुढे रेटलं. तू विचारलंस तेव्हा हे मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, कारण थोडं कळलं होतं.

गारो जमिनीकडे बघत होता. मॅन्युएल बाहेर जाऊन उभा राहिला.

नडीनने शेवटपर्यंत ऐकलं. मग ती गाडीच्या मागे गेली, दोन्ही साखळ्यांच्या कड्या सोडल्या आणि पाटी माझ्या टेबलावर ठेवली. आपटली नाही. "ही तुमच्याकडे असू दे," ती म्हणाली. "तुम्ही वाईट माणूस नाही, सर. पण ही मी लावणार नाही."

ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं आणि कालव्याच्या दिशेने निघून गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता. आम्ही तिघे तसेच थांबलो. ती परत येईल की थेट घरी जाईल, हे कोणालाच माहीत नव्हतं.

अर्ध्या तासाने ती आली. इंजिन बंद न करताच म्हणाली, "डावीकडे जराशी ओढतेय."

"नवीन जोडणी आहे, बसायला वेळ लागतो," गारो म्हणाला. "शनिवारी आण, नीट बघू."

"आत्ताच बघतो," मी म्हणालो. "इंजिन बंद कर."

सत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी खाली बसायला मला वेळ लागला. मॅन्युएलने जॅक लावून चाक उचललं. डाव्या ब्रेकची पकड थोडी घट्ट राहिली होती. पान्याने ती दोन दाते सैल केली आणि चाक हाताने फिरवलं. ते मोकळं फिरलं. काम पाच मिनिटांचं होतं.