काठोकाठ पियाला

"अहो, पाहुण्या कुठं गेल्या?" पुलावाचं ताट घेऊन आलेली रोहातोय दारातच थबकली.

बैठकीत नवरा एकटाच होता. समोर तीन पियाले, काठोकाठ भरलेले. एकालाही कुणी ओठ लावला नव्हता.

"चहा कुणी ओतला?"

"मीच. तू चुलीपाशी होतीस. त्यांनी एकमेकींकडं बघितलं आणि उठल्याच की! मी काय केलं?"

"काय केलं? अहो, भरलेला पियाला म्हणजे 'प्या आणि चालू लागा'! आपल्या मर्गिलान शहरातलं शेंबडं पोरही सांगेल! पोरीला मागणी घालायला आलेल्या बायकांना हाकललंत तुम्ही!"

तुर्गुनचा चेहरा उतरला. रीत त्याला ठाऊक होती, पण तो ती विसरून गेला होता. थोडाथोडा चहा ओतत बसलं की किटली निवते, पुन्हा गॅस जाळावा लागतो, म्हणून या घरात कित्येक वर्षं पियाला एकदाच गच्च भरत. पाहुणे येत असते तर रीत ध्यानात राहिली असती, पण पाहुणा म्हणजे खर्च. साबणाचे झिजलेले तुकडे चिकटवून नवी वडी करणाऱ्या या माणसापुढं रोहातोयनं केव्हाच हात टेकले होते. स्वतःपुरतं तिनं सोसलंही. पण लेक झुमराद तिशीला आली होती आणि आज जिथून मागणी आली होती तो मुलगा तिला मनापासून आवडला होता.

तुर्गुन उठला आणि नुसत्या मोज्यांनिशी गल्लीत धावला. मागोमाग रोहातोय.

"सालोमत आपा, थांबा! मी नकार दिला नाही हो!"

मुलाची आत्या गाडीत चढता चढता वळली. "पियाला तर तेच म्हणाला."

"तो... गॅस वाचवायला भरला होता." तुर्गुननं छातीवर हात ठेवून मान झुकवली. शेजारची फाटकं किलकिली झाली होती. "मी चिक्कू आहे, आपा. सगळी गल्ली जाणते. पोर तशी नाही."

रोहातोयनं कपाळावर हात मारला. हात थरथरला म्हणाले असते तरी भागलं असतं! एक साधं खोटं बोलायचं, तर तिथंही यांची काटकसर!

"गॅस वाचवायला?" आपा म्हणाल्या. "मग बरंच झालं. आधीच कळलं."

गाडी निघून गेली. रोहातोयच्या ओठांवर इतक्या वर्षांचं सगळं आलं होतं, आज ती त्याला भर गल्लीत सोलून काढणार होती. तेवढ्यात झुमराद बाहेर आली. हातात बापाचे बूट होते. ती त्याच्यासमोर धुळीत गुडघे टेकून बसली.

"खाली नको गं बसू," तुर्गुन कसाबसा म्हणाला. "नवा रेशमी झगा, मळेल."

"मळू दे, बाबा. आता कुठं घालायचाय."

आणि ती त्याच्या बुटाची नाडी बांधू लागली.