डाव्या हाताचा पाठ

गणित शिकवायला शिकवणाऱ्या त्या वर्गात काकू पहिल्या दिवशी शिरल्या, तेव्हा सगळी पोरं ताडकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, प्राध्यापक आल्या. काकू मुकाट्याने तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवीतून वही काढली, तेव्हा कुठे एकेक जण ओशाळून खाली बसला. त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या काकू झाल्या. वय सत्तेचाळीस, शाळेत गणित शिकवायला लागून एकवीस वर्षं झालेली, आणि आता पुन्हा विद्यार्थिनी.

हौस म्हणून नव्हे. नवा नियम आला होता. ज्याच्याकडे गणित अध्यापनाची पदव्युत्तर पदवी नाही, त्याला दोन वर्षांनंतर वरच्या वर्गांना गणित शिकवता येणार नाही. मुख्याध्यापकांनी काकूंना बोलावून अगदी साखर पेरून सांगितलं होतं, "नाहीतर ग्रंथालय आहेच की. शांत जागा आहे, बसून काम." काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली, दोन कपाटं आणि एक पंखा, तोही न फिरणारा. त्यांनी त्याच दिवशी प्रवेशअर्ज भरला.

घरी नवऱ्याने शिलाई मशीन थांबवून अर्ज वाचला. त्याचं शिवणकामाचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं आणि अख्खी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. एकवीस वर्षं शिकवूनही घरातले मास्तर तेच, हे काकूंना लागायचं आणि हसूही यायचं.

"या वयात परीक्षा?" मास्तर म्हणाले.

"मग काय करू? कपाटातली पुस्तकं झटकत बसू?"

"तसं नाही गं. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर आधी तपासून घे."

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष वर्गावर पाठ द्यायचे होते, आणि प्रत्येक पाठाचं टाचण मिनिटामिनिटाने लिहायचं होतं. पहिली पाच मिनिटं प्रस्तावना, मग विकास, शेवटची पाच मूल्यमापन. पाठ तपासणाऱ्या मार्गदर्शक सरांना पोरांनी 'वेळापत्रक' असं नाव ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण फळ्याकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा.

पहिल्या पाठाच्या आदल्या दिवशी वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी काकूंच्या कानाशी लागली.

"काकू, तुम्हाला एक युक्ती सांगते. कुणाला सांगू नका हं. पाठाच्या आधी मुलांना सांगून ठेवायचं, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. परीक्षकांना वाटतं सगळ्या वर्गाला येतंय! आपण फक्त उजव्यांना विचारायचं. जुनी युक्ती आहे, सगळ्या शाळांत चालते."

"हो का?" काकू म्हणाल्या. त्यांनी टाचणाची वही उघडून त्यात डोकं घातलं.

कारण ती युक्ती त्यांचीच होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी शाळेची तपासणी यायची होती, वर्ग कच्चा होता आणि नवी नोकरी जाईल अशी भीती होती. सव्वीस वर्षांच्या त्या बाईने स्वतःच्या डोक्यातून ही उजव्याडाव्याची शक्कल काढली होती. तपासणी झकास पार पडली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली. पुढे शेजारच्या वर्गाने ती उचलली, मग शेजारच्या शाळेने, आणि आता ती फिरून, म्हातारी होऊन, काकूंना नवी म्हणून परत शिकवली जात होती. आपलंच कार्टं वीस वर्षांनी दारात येऊन उभं राहावं, तसं त्यांना झालं.

काकूंचे पाठ त्यांच्याच शाळेत, सातवीच्या वर्गावर होते. आता त्या वर्गाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागल्या. बेचाळीस मुलं. प्रश्न आला की बेचाळीस हात वर. एकवीस वर्षं त्यांनी फक्त उजवे पाहिले होते. डावे बघायची डोळ्यांना सवयच नव्हती.

मागून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचा डावा हात सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यात सरळ वर जायचा, म्हणून काकू तिला मनातल्या मनात 'झेंडा' म्हणायच्या. आधी त्यांना कौतुक वाटलं, पोरगी धीट आहे. मग एक दिवस लख्ख कळलं. ती धीट नव्हती, ती निर्धास्त होती. डावा हात वर आहे तोवर आपल्याला कुणी काही विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वर्गात त्याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती आणि ती जागा काकूंनीच बांधून दिली होती. काकूंना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना राग येतो, तसा तो आला.

त्यांनी तीस तासांची नोंद ठेवली. कुणाचा कुठला हात, कुणाला प्रश्न. बेचाळीसपैकी अकरा मुलांचा उजवा हात तीस तासांत एकदाही वर गेला नव्हता. त्या अकरांना एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. काकूंनी पदवीसाठीच्या शोधनिबंधात त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि युक्ती कुणी काढली, हेही पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकलं.

वेळापत्रक सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे प्रकरण काढा."

"का हो सर? आकडे चुकलेत?"

"आकडे बरोबर आहेत, तोच तर त्रास आहे! ज्या शाळा आपल्याला पाठांसाठी वर्ग देतात, त्यांनाच उघडं पाडायचं? उद्या एकही शाळा आपल्याला दारात उभं करणार नाही. आणि तुमची स्वतःची नोकरी? तुमच्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं मी बघते. त्या अकरा जणांचं कोण बघतंय?"

सर कपाळ चोळत बसले. "निबंधाचं पुढे बघू. निदान शेवटचा पाठ तरी टाचणाप्रमाणे द्या. बाहेरच्या परीक्षक येणार आहेत. त्यात नापास झालात तर पदवी अडकली, आणि नवा नियम जूनपासून लागू होतोय."

हे काकूंना वेगळं सांगायची गरज नव्हती. जिन्याखालची खोली त्या रोज येताजाता बघत होत्या.

शेवटच्या पाठाच्या सकाळी त्या दुकानातून निघाल्या, तेव्हा मास्तरांच्या गळ्यातली मापाची टेप त्यांनी ओढून घेतली.

"अगं, गिऱ्हाईक येतंय माझं!"

"ड्रॉवरमध्ये दुसरी आहे. ही साठ इंची मला पाहिजे."

"पाठात कुणाचं माप घेणार आहेस?"

"माझंच," काकू म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या.

परीक्षक बाई मागच्या भिंतीशी बसल्या होत्या, मांडीवर गुणपत्रक, बाजूला वेळापत्रक सर. पाठ अपूर्णांकांच्या बेरजेचा. टाचणात पाच उद्दिष्टं, नऊ उदाहरणं. काकूंनी फळ्यावर लिहिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. आणि विचारलं, "किती?"

बेचाळीस हात वर गेले. सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उजवा हात उंचावून बाकावरून जवळजवळ उठलाच होता. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पलीकडे पाहिलं.

"तू सांग," त्या झेंड्याला म्हणाल्या.

मुलीने आपल्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं, की चुकून उजवा तर गेला नाही? डावाच होता. तिने दगा झाल्यासारखं बाईंकडे बघितलं.

"बाई, माझा डावा आहे," ती पुटपुटली.

"दिसतोय मला. म्हणूनच विचारतेय. जे वाटतंय ते सांग."

खूप वेळ गेला. सरांनी दोनदा मनगट पाहिलं. मग मुलगी म्हणाली, "दोन छेद पाच."

दोनतीन जण फिसकन हसले. काकूंनी एकदाच मान वळवली आणि हसू जागच्या जागी गोठलं.

"कसं काढलंस?"

"वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले."

"ये इकडे."

काकूंनी टेप सोडून तिच्या हातात एक टोक दिलं. अख्खी टेप साठ इंच. अर्धी किती? तीस. मुलीने तिथे चिमटीत धरलं. आता साठाचे पाच सारखे भाग कर, त्यातले दोन घे. मुलगी बोटांवर मोजत, अडखळत, दोनदा चुकत चोवीसवर पोचली. तिने तीसवरची चिमटी पाहिली, चोवीसवरचं बोट पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाई, असं कसं? अर्ध्यात आणखी घातलं, तर कमी कसं झालं?"

"तेच कोडं मला पडलंय," काकू म्हणाल्या. "शोध."

उत्तर त्या एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. टाचणात तसंच लिहिलं होतं. त्या गप्प उभ्या राहिल्या आणि मुलीला टेपशी झगडू दिलं. तीस इंच. साठाचा तिसरा भाग वीस. तीस नि वीस पन्नास. साठातले पन्नास. मग डाव्या हातांतला आणखी एक जण न विचारताच उठून आला आणि म्हणाला, दहा दहाचे भाग कर ना. सहा भाग झाले. त्यातले पाच.

"पाच छेद सहा!" झेंडा इतक्या जोरात ओरडली, की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन डोकावल्या.

पस्तीस मिनिटांच्या पाठातली एकतीस मिनिटं संपली होती. नऊपैकी एक उदाहरण झालं होतं. वेळापत्रक सर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते.

परीक्षक बाई उठल्या. "मूल्यमापन राहिलंच. मीच विचारते." त्यांनी फळ्यावर लिहिलं, एक छेद तीन अधिक एक छेद चार. "कुणाला येतं?"

बेचाळीस हात वर गेले. सगळेच्या सगळे डावे.

परीक्षक बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलापाशी थांबल्या. "सगळ्यांनी डावाच हात का वर केलाय?"

"डावा म्हणजे येत नाही, बाई," तो सरळ सांगून मोकळा झाला.

"म्हणजे तुला येत नाही?"

"मला येतं. पण डावा केला की टेप मिळते."

काकूंना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. परीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. मुलांना बाहेर सोडल्यावर त्यांनी विचारलं, "ही हातांची भानगड कुणी शिकवली यांना?"

सर घाईघाईने काही म्हणणार, तोच काकू म्हणाल्या, "मी. एकवीस वर्षांपूर्वी ती काढली. आज मोडली, तीही मीच."

परीक्षक बाईंनी गुणपत्रक पुढे ओढलं. "तुम्ही चांगल्या शिक्षिका आहात. पण पाचातलं एक उद्दिष्ट झालं. नियमाप्रमाणे मला नापास करावं लागेल. पुनर्पाठ सहा महिन्यांनी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दुपारी दुसऱ्या वर्गावर टाचणाप्रमाणे पाठ घेणार असाल, तर आजचा मी पाहिलाच नाही असं समजते."

सरांनी काकूंकडे हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले. काकूंच्या डोळ्यांसमोर तो न फिरणारा पंखा आला. त्यांना तो नको होता. मनापासून नको होता.

"तुम्ही पाहिलात, बाई," त्या म्हणाल्या. "नापास लिहा. पण कारणाच्या रकान्यात पूर्ण कारण लिहा. मी आजवर एकाही मुलाला कारण न सांगता चूक दिलेली नाही."

"पाठ अपूर्ण, एवढं पुरे आहे."

"का अपूर्ण, तेही. मी हटणार नाही इथून."

आणि त्या खरंच दारात उभ्या राहिल्या. परीक्षक बाईंनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिलं ते खरं लिहिलं: न येणाऱ्या मुलीला प्रश्न विचारल्यामुळे व ती शिकेपर्यंत थांबल्यामुळे पाठ वेळेत पूर्ण झाला नाही. खाली सही केली, शिक्का मारला.

काकूंनी आपली प्रत घेतली, दोनदा वाचली आणि वहीत नीट घातली.

"आता तरी ते प्रकरण काढाल ना?" सर थकून म्हणाले.

"काढते कसली! आता तर त्याला परिशिष्ट मिळालं. सहीशिक्क्याचं."

त्या तिथेच मुलांच्या बाकावर बसल्या आणि पुनर्पाठाचा अर्ज मागून घेतला. घटक: अपूर्णांकांची बेरीज. वर्ग: तोच. अध्यापन साहित्याच्या रकान्यापाशी त्या थबकल्या, कारण टेप टेबलावर नव्हती. खिडकीतून बाहेर पाहिलं, तर झेंडा गळ्यात टेप अडकवून पटांगणातल्या मुलांची मापं घेत सुटली होती, आणि तिच्यापुढे डावे हात वर करून पोरं रांगेत उभी होती.

काकूंनी लिहिलं, टेप, साठ इंची, दोन नग. मास्तरांची दुसरीही आता आणावी लागणार होती.