पाय न हलवता नाव घ्या

हॉल भरून रांग जिन्यापर्यंत आली होती. खाली सायकलींचं दुकान, वर हा हॉल. एरवी तिथे टायपिंगचे वर्ग चालायचे. आज तिथे कुणाच्या कडेवर, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या खांद्यावर एकेक तान्हं होतं आणि त्या सगळ्यांना आपापलं नाव मिळणार होतं. आईबापांनी ठेवलेलं नव्हे हं! तसली नावं म्हणे काही कामाची नसतात. जीव जन्माला येतो तो आपलं खरं नाव घेऊनच, आणि ते उच्चारलं की बाळ स्वतः ओळख देतं. ही ओळख पटवून देणारे जगात एकच गृहस्थ होते. ते पांढरी शाल पांघरून लाकडी मंचावर बसले होते आणि लोक त्यांना नाममहाराज म्हणत होते.

मधल्या रांगेत भोंगा बसला होता. पत्र्याच्या कारखान्यात चाळीस वर्षं ठोकाठोक करता करता त्याचे कान गेले, आणि कान गेलेला माणूस मोठ्याने बोलतो, म्हणून सोबत्यांनी त्याला हे नाव दिलं. उजवा कान साफ बंद होता. डाव्यापाशी येऊन कुणी ओरडलं तर थोडंफार पोचायचं. बाकी सगळं तो ओठांवरून वाचायचा, आणि त्यात तो चांगला मुरलेला होता. महाराजांना मिशी नव्हती, ही त्याच्या दृष्टीने मोठीच सोय होती.

"नाव चुकलं की बाळ रडतं," महाराज सांगत होते. "दूध ओकतं. झोपेतून दचकून उठतं. आहे का असं कुणाचं बाळ?"

आता रडत नाही, ओकत नाही, दचकत नाही असं तान्हं कुणी बघितलंय? पण हॉलभर माना डोलल्या. एका बाईने तर डोळ्याला पदर लावला.

भोंग्याच्या मांडीवर त्याची नात होती, साडेतीन महिन्यांची. तिला अजून नाव नव्हतं, सगळे पिटुकली म्हणायचे. शेजारी मुलगा, लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा. त्याच्या पलीकडे सून. ती फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं काम करायची आणि दिवसभर बोलूनही घरी आल्यावर पोरीशी तासन्‌तास बोलत बसायची. इथे यायचा हट्ट तिचाच.

त्या हट्टाला कारण होतं. दवाखान्यात पिटुकलीच्या कानांची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मशीनवर लाल दिवा लागला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "येत्या गुरुवारी मोठी तपासणी आहे, ती चुकवू नका. ऐकू येत नसेल तर सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागलं पाहिजे. जितका उशीर होईल तितकं बोलणं लांबेल, आणि फार उशीर झाला तर येणारही नाही." सुनेने ते ऐकलं, घरी आली आणि कामावरच्या मैत्रिणीने सांगितलेला नाममहाराजांचा पत्ता शोधायला लागली.

रांगेत असताना हातात वही घेतलेली एक बाई सुनेपाशी आली होती. गोड बोलणारी, गालाला हात लावणारी. "किती गोड गं! काही नाव मनात आहे का?" सून लाजली, नवऱ्याकडे पाठ केली आणि हळूच काहीतरी सांगितलं. भोंग्याने ते ओठांवरून वाचलं. आधी कानांच्या तपासणीचं गाऱ्हाणं, मग एक चांगलं नाव. ते नाव इथे सांगत नाही; का, ते पुढे कळेल.

त्यांचा पुकारा झाला. चपला काढून तिघेही मंचावर गेले. पिटुकलीला गालिच्यावरच्या उशीवर निजवलं. वहीवाली बाई दोन हातांच्या अंतरावर उभी राहिली. महाराजांनी डोळे मिटले आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. पाच झाली, सात झाली, दहा झाली. पोरगी आपली मूठ चोखत पडली होती.

अकराव्या नावाला तिने दोन्ही हात फेकले, डोळे मोठे केले आणि मान वळवली.

हॉल उसळला. सून मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. "हेच! अहो, हेच माझ्या मनात होतं! मी कुणालाच सांगितलं नव्हतं!" तिला खरंच तसं वाटत होतं. रांगेतल्या चार शब्दांची आठवण कोण ठेवतो?

भोंगा मात्र आपल्या पायांकडे बघत होता. कारखान्यात कान गेल्यावर त्याने अर्धी नोकरी तळपायांवर काढली होती. कुठलं यंत्र चालू आहे, कुठलं अडलंय, हे त्याला फरशी सांगायची. आत्ता महाराजांनी नाव घेतलं त्याच क्षणी त्याच्या अनवाणी पायांखालून एक ठोका गेला होता. हलका, पण नेमका.

"मुलीने नाव ऐकलं," महाराज म्हणाले. "आता वर्षभर तिच्या कानाला कुठलंही यंत्र लावायचं नाही. नाव पुसलं जातं. आणि पुढच्या रविवारी परत या, नाव पक्कं करून घ्यावं लागतं."

घरी आल्यावर भोंग्याने स्टीलचं ताट आणि डाव घेतला, पाळण्याच्या मागे उभा राहिला आणि दणकन वाजवलं. पिटुकली छताकडे बघत राहिली. त्याने पुन्हा वाजवलं. मग ताट खाली ठेवून लाकडी जमिनीवर टाच आपटली. पोरीने लगेच तिकडे डोळे वळवले.

"काय चाललंय?" सून दारात उभी होती.

"हे बघ, तिला आवाज कळत नाही. हादरा कळतो. तिथेही कुणीतरी हादरा दिला," भोंगा त्याच्या भोंग्याच्या आवाजात म्हणाला. "गुरुवारी दवाखान्यात जाऊ या."

सून त्याच्या समोर आली आणि त्याला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलली. "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तिलाही येऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

खरं सांगायचं तर भोंग्याच्याही मनाच्या एका कोपऱ्यात पाल चुकचुकत होती ती उलटीच: आपलंच चुकत असेल तर? पोरीने खरंच ऐकलं असेल तर? तो गप्प बसला. इतकी वर्षं मोठ्याने बोलणारा माणूस नेमका त्याच आठवड्यात गप्प बसला. गुरुवार आला आणि गेला, कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही.

रविवारी मात्र तो पुन्हा मंचावर चढला तेव्हा त्याची नजर महाराजांवर नव्हती. वहीवाल्या बाईच्या पायांखालचा गालिचा एकाच जागी घासून पांढरा पडला होता. महाराजांनी डोळे मिटले, नाव घेतलं. बाईची टाच किंचित दबली. पोरगी दचकली. टाळ्या पडल्या.

"बाई, जरा सरका," भोंगा म्हणाला.

"अहो, काय करताय?"

"सरका म्हणतो ना!"

एवढ्या लोकांसमोर तिला तमाशा नको होता. ती सरकली. भोंगा त्या घासलेल्या जागी उभा राहिला आणि हॉल दणाणून जाईल असा ओरडला, "पाना!" टाच दाबली. पिटुकलीने हात फेकले.

"बादली!" पोरगी दचकली.

"खिळा! हातोडी! रद्दी!" ती प्रत्येक वेळी दचकली. हॉलमध्ये हशा पिकला. "घ्या, पाच नावं निघाली पोरीची! आता यातलं कुठलं पक्कं करायचं, महाराज?"

"ह्या माणसाला आवरा," महाराज उठून उभे राहिले. "याच्या मनात विष आहे."

"थांबा, आता तुमचंच घेतो." भोंग्याने पाय उचलून बाजूला घेतला. मग ते चांगलं नाव, सुनेच्या मनातलं, तीन वेळा घेतलं. त्याचा आवाज खालच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेला असेल. पिटुकली मूठ चोखत होती.

हशा थांबला. सून उठली. लेकीला दिसणार नाही अशी उशीच्या मागे जाऊन गुडघ्यांवर बसली. आधी हळू आवाजात हाक मारली, रोज मारायची तशी. मग जरा मोठ्याने. मग इतक्या जोरात किंचाळली की पहिल्या रांगेतली तीन बाळं एकदम रडायला लागली. तिची स्वतःची पोरगी तेवढी छताकडे बघत होती, शांत, समाधानी.

सुनेने भोंग्याकडे बघितलं. तिचे ओठ थरथरत होते, तरी त्याने वाचलं. "म्हणजे इतके दिवस मी जे बोलले, त्यातलं तिने काहीच...?"

"नाही गं पोरी," तो म्हणाला. कान गेल्यापासून पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला असेल.

मुलाने तोवर गालिचा उचलला होता. खाली एक लांब सुटी फळी होती आणि मध्ये लोखंडी नळी. एका टोकाला वहीवालीची टाच, दुसऱ्या टोकावर बाळाची उशी. साधी तरफ, शाळेच्या पुस्तकात असते ती. नाव आधी आईकडून काढून घ्यायचं, अकराव्या नंबरावर ठेवायचं आणि टाच दाबायची. ऐकू येणारं बाळ असो की न येणारं, खालून गचका बसला की दचकणारच. मुलाने हे सगळं लोकांना हाताने दाबून दाखवलं. यापेक्षा स्पष्ट काय करून दाखवायचं माणसाने?

आता वाटेल की लोकांनी महाराजांची गचांडी धरली. छे! चार-पाच जण उठून गेले, तेही मान खाली घालून. महाराजांनी शाल सावरली आणि म्हणाले, "ज्या घरात श्रद्धा नाही, त्या घरातलं नाव मुकं होतं. मी काय करणार?" आणि रांगेतली पुढची बाई आपलं तान्हं घेऊन मंचावर आली. भोंग्याला म्हणाली, "तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा. आमचा नंबर आहे." मुलगा हातात गालिच्याचं टोक धरून तसाच उभा होता. तिने ते त्याच्या हातातून घेतलं आणि फळीवर नीट पसरलं.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला. "गुरुवारी का नाही आलात?" त्यांनी वेळापत्रक पुढे सरकवलं. "अहो, मशीन एकच आहे आणि चार गावांत फिरतं. आता तीन महिन्यांनी येईल."

मशीन तीन महिन्यांनी नाही, चार महिन्यांनी आलं. तपासणीत दोन्ही कान जवळजवळ पूर्ण बंद निघाले. यंत्र मिळेपर्यंत पिटुकली दहा महिन्यांची झाली, आणि यंत्र लावूनही फारसा फरक दिसला नाही. वेळेवर लावलं असतं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या "सांगता येत नाही"ने सून रोज थोडी थोडी झिजते आहे. महाराज मात्र आता मोठ्या हॉलमध्ये गेलेत. तिथे गालिचा कडेने खिळ्यांनी ठोकलेला आहे.

सून हल्ली घरी फार बोलत नाही. पिटुकलीला बोलवायचं असलं की जमिनीवर टाच दोनदा आपटते आणि पोरगी वळून हसते. त्या दोन ठोक्यांपलीकडे तिला दुसरं नाव नाही. वहीत लिहिलेलं ते चांगलं नाव घरात कुणी घेत नाही. भोंगा कोपऱ्यात बसून हे बघतो आणि दरवेळी त्याला तो एक आठवडा आठवतो, ज्यात त्याला सगळं कळलं होतं आणि तो गप्प बसला होता.

तेव्हा बाबांनो, तुमच्या घरात तान्हं असेल, आणि कुणी त्याला चमत्काराने ओळख पटल्याचं सांगत असेल, तर भांडू नका, पाया पडू नका, रांगेतही उभे राहू नका. बाळाच्या पाठीमागे जा. त्याला दिसणार नाही असे उभे राहा. आणि पाय न हलवता एकदा नाव घ्या. ते वळलं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुरुवारची वाट बघू नका.