दारालगतचा खिळा

"खिळा वाढनार न्हाय!" गंगारामनं फणी टेबलावर आपटली. "आट म्हंजे आट. नववा ठोकायचा असंल तर माज्या डोसक्यात ठोका."

यावर कोण काय बोलणार? दुकान त्याचं, भिंत त्याची, खिळेसुद्धा त्याचेच. मिरकरवाड्याच्या उतारावर गंगारामचं केस कापायचं दुकान होतं आणि त्या दुकानात आठ पैलवानांच्या तसबिरी होत्या. पहिली मोठ्या आरशाच्या वर, आणि तिथून ओळीनं सरकत आठवी थेट दारालगत, जिथं पावसाची झड आत येते. आरशावरचा तो जगात थोर, दाराशी असेल तो त्या थोरांतला शेवटचा. कोण कुठं टांगायचा याचा निवाडा वर्षातून एकदाच व्हायचा, नागपंचमीला.

त्या दिवशी काही कापायचं नाही, चिरायचं नाही. म्हणून गंगाराम वस्तऱ्याला हात लावायचा नाही, पण दुकान मात्र सकाळपासून सताड उघडं. होड्या नारळी पुनवेपर्यंत किनाऱ्यावर, बर्फाच्या कारखान्यात चिटपाखरू नाही. मग ही सगळी रिकामी मंडळी गंगारामकडे जमायची आणि ज्या पैलवानांना यातल्या निम्म्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांच्यासाठी एकमेकांच्या उरावर बसायची. कोणी किती पाडले, कोण कुणाकडून पडला, कोण किती वर्षं टिकला, सगळं काढायचं. एका वर्षी तर दुसऱ्या-तिसऱ्या खिळ्यावरून दोन सख्खे भाऊ चार महिने बोलत नव्हते. आता बोला!

यंदा भांडण पेटवलं होतं बाळानं. बाळा म्हणजे गंगारामच्या बायकोचा भाऊ. दुबईहून सुट्टीवर आलेला, अंगाला अत्तराचा घमघमाट. येताना त्यानं एक गुळगुळीत रंगीत चित्र आणलं होतं. अमेरिकेतला पैलवान. पिवळे केस, पिवळीच चड्डी, दंड म्हणजे फणसाचं खोड.

"मी व्हिडिओवर बघितलाय," बाळा म्हणाला. "समोरच्याला डोक्यावर उचलून आपटतो, भावजी. याला भिंतीवर घेतला न्हाय तर तुमच्या भिंतीला काय अर्थ न्हाय."

"घे की," सखाराम तांडेल म्हणाला. दहा खलाशांवर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता की तो हळू बोलला तरी बंदरावर ऐकू जावं. "पन उतरवायचा कोन, ता सांग."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारालगतच्या आठव्या तसबिरीखाली, बाकड्यावर, काशीराम बसला होता. आणि तसबिरीतही तोच होता.

काशीराम बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. आता पन्नाशी गाठलेली, दंडाचं मांस सुटलेलं, पावसाळ्यात डावी बरगडी ठणकायची. पण तसबिरीतला काशीराम चोवीस वर्षांचा होता, छाती पुढे, मान ताठ. वरळीला उघड्या मैदानात तिकीट लावून कुस्त्या व्हायच्या, तेव्हाचा तो फोटो. समोर जमाल पंजाबी होता, त्या वेळचा नावाजलेला गडी, आणि काशीरामनं त्याच्याशी कुस्ती बरोबरीत सोडवली होती. गंगारामनं फोटो काचेच्या मापात बसवताना जमालला कात्रीनं कापून टाकलं होतं. फक्त त्याचा पंजा तेवढा काशीरामच्या डाव्या काखेखाली राहून गेला होता. जमालची स्वतःची तसबीर शेजारच्या सातव्या खिळ्यावर होतीच.

नवा खलाशी दुकानात आला की कोणीतरी सांगायचंच, "ह्यो बघ, आपला काशीराम. जमालची पकड बघ कशी, आन ह्यो बघ कसा उभा." मग तो पोरगा काशीरामकडे अशा नजरेनं बघायचा की त्याला दिवसभर लाद्या हलक्या लागायच्या. खोटं कशाला बोला, काशीरामपाशी मिरवण्यासारखं त्या एका खिळ्याखेरीज काही नव्हतं. म्हणूनच आज सकाळपासून तो त्या खिळ्याखालून हलला नव्हता.

"काशीरामला हलवायचा न्हाय!" सखाराम गरजला. "आपल्या गावचा मानूस हाय."

"मी कुटं म्हनतो काशीदाला हलवा?" बाळा हसला. "सातवा काढा. जमाल."

"जमाल का?"

"का म्हंजे? जो आपल्या काशीदाला चार चौघांत पाडू शकला न्हाय, तो कसला थोर? लोकांनी हुर्यो केली व्हती त्याची. तुमीच सांगता ना दरवर्षी?"

दुकान खदखदून हसलं. खरंच होतं की! इतकी वर्षं हे कोणाच्या कसं ध्यानात आलं नाही? काशीरामची जी बढाई, तीच जमालची नाचक्की. सखारामनं मांडीवर थाप मारली. "बराबर! काडा जमालला. काशीराम सातवा, आन तुजा ह्यो पिवळा दाराशी."

काशीराम एक घर वर सरकणार होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि त्याला मात्र दुकानातून उठून पळून जावंसं वाटत होतं.

गंगाराम स्टुलावर चढला. सातव्या तसबिरीला हात घातला आणि थांबला. कोणालाही उतरवण्याआधी त्याची शहानिशा करायची, ही त्याची रीत. त्यानं वळून बघितलं.

"काशीराम, तू त्याच्या हातात व्हतास. तूच सांग. दम व्हता काय त्याच्यात?"

झालं. सगळं दुकान काशीरामकडे वळलं. बाहेर पन्हळीचं पाणी तेवढं पडत होतं. "व्हता बरा," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. काहीच न बोलता नुसती मान उडवली असती तरी जमाल खाली आला असता, आणि पुढच्या नागपंचमीपर्यंत कोणाला त्याची आठवणही राहिली नसती.  

"उतरवू नको त्याला," काशीराम म्हणाला.

"आँ?"

"मी सांगतो ता ऐक. मग कोनाला उतरवायचा त्याला उतरव."

तो उठून उभा राहिला. बसून हे सांगता येणार नव्हतं.

"आमचे आप्पा आले व्हते त्या दिवशी. बोटीनं, मुद्दाम. पयल्या रांगेत बसलेले, डोक्याला कोरं पागोटं. आत जायच्या आदी जमालनं मला इचारलान, कौन आया है तेरा? मी म्हटला, बाप आया है. बास, तेवडाच. कुस्ती लागली आन सुरवातीलाच मी वाकडा पडलो. त्यानं काय केलान न्हाय, माजाच पाय सरकला. ही बरगडी गेली. कट्कन् आवाज मला आला तसा त्यालाबी आला."

काशीरामचा हात आपसूक डाव्या कुशीवर गेला.

"श्वास घेता येईना. डोळ्यांपुढं अंदार. त्यानं नुसतं बोट लावलान असतं तरी मी उताना झालो असतो. बापासमोर! त्यानं मला मागनं धरलान, काखेत हात घातलान आन कानात म्हनाला, गिरना मत, मैं हूँ. मग घंटा होईस्तवर तो मला घेऊन नाचला. लोकांना वाटला आमी झुंजतोय. मी कसला झुंजतोय! मी त्याच्या हातावर टांगलेला व्हतो, दोरीवरच्या बोंबलासारका. लोक त्याच्यावर थुकले. नुरा, नुरा म्हनून वरडले, म्हंजे ठरवून केलेली खोटी कुस्ती. ठेकेदारानं त्याला पुना चांगली कुस्ती दिलान न्हाय. आन आमचे आप्पा मरेपर्यंत गावभर सांगत फिरले, माजा पोरगा पडला न्हाय."

 सखारामचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हंजे इतकी वर्सं आमाला उल्लू बनवलंस?"

"मी कंदी म्हटला मी भारी म्हनून? तुमी सांगत व्हतात."

"आन तू ऐकत व्हतास!"

"व्हय," काशीराम म्हणाला. "ऐकत व्हतो. गोड लागत व्हता."

 बाळा आपल्या गुळगुळीत चित्राची गुंडाळी करत म्हणाला, "पन काशीदा, ही तर खोटी कुस्ती झाली. मग जमाल थोर कसा?"

"आरशावर टांगलाय ना, त्यानं शंबर पाडले असतील," काशीरामचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पाडनाऱ्याला जोर लागतो, तो कोनाकडंबी असतो. दुसऱ्याचा भार घेऊन, सगळ्या मुंबईच्या शिव्या खाऊन, हातातला मानूस खाली पडू द्यायचा न्हाय, ह्याला काय लागत असंल? तू इचारतोस तर सांगतो, माज्या हिशेबी तो पयला. आरशावर!"

गंगाराम अजून स्टुलावरच होता. त्यानं आरशावरच्या तसबिरीकडे पाहिलं, मग जमालकडे. दुकानातले लोक काय मानतील आणि काय नाही, हे त्याच्याइतकं कोण जाणणार?

"पयला न्हाय होनार, काश्या," तो सावकाश म्हणाला. "मानायचे न्हायत हे. पन उतरवत न्हाय. सातवा ऱ्हाईल. मी हाय तवर ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे तर," काशीराम म्हणाला.

 जमाल राहिला म्हणजे आता काशीरामचाच आठवा खिळा रिकामा करायचा होता आणि स्टुलावरून उतरून दाराकडे जायला गंगारामचा पाय उचलत नव्हता. शेवटी काशीरामनंच हात वर केला आणि आपली तसबीर काढली. मागं भिंतीला बुरशी आली होती. ती त्यानं तळहातानं जरा पुसली, दुसऱ्याचं चित्र तिथं लागायचं होतं ना. सखाराम छताकडे बघत होता. काशीराम दाराबाहेर पडला तसा तो एकदम ओरडला, "अरे, छत्री ने मेल्या! काच भिजंल!" आणि आपली छत्री त्यानं त्याच्या हातात कोंबली.

उतार उतरताना काशीराम रडला. छत्रीत कोण बघतं? आप्पांसाठी रडला की जमालसाठी की स्वतःसाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. उद्यापासून कोणी नवा खलाशी त्याच्याकडे वळून बघणार नव्हता. बर्फाच्या लाद्या तेवढ्याच जड राहणार होत्या.

घरी गोदा चुलीपाशी पातोळ्या उकडत होती. हळदीच्या पानांचा वास घरभर सुटला होता. तिनं नवऱ्याच्या काखेतली तसबीर पाहिली आणि हातातलं झाकण तसंच धरून राहिली.

"काडली?"

"व्हय."

"कोनी?"

"मीच."

 तिनं हात पुसून तसबीर घेतली आणि दाराच्या उजेडात नेली. बायका न्हाव्याच्या दुकानात जात नाहीत. लग्न झाल्यापासून या तसबिरीबद्दल ती आल्यागेल्याकडून ऐकत आली होती, बघत होती मात्र आज पहिल्यांदा. किती तरी वेळ ती बघत राहिली. काशीराम भिंतीला टेकून बसला. आता ती काय म्हणेल याची त्याला दुकानातल्यापेक्षा जास्त धास्ती वाटत होती.

"ह्यो हात कोनाचा?"

"जमालचा."

"ह्यो जमाल तो? आन लोक म्हनतात त्यानं पकडलान तुमाला?" तिनं बोट काचेवर ठेवलं. "पकडलान कुटं, धरलान हाय. पडत व्हतात काय तुमी?"

इतकी वर्षं, इतक्या नागपंचम्या, इतकी जाणती डोकी, आणि कोणाला म्हणून ते दिसलं नव्हतं.  काशीरामनं होय म्हणून मान हलवली.

"माज्या बाये," गोदा म्हणाली. मग पदराचं टोक तोंडापाशी नेऊन तिनं काचेवर फुंकर घातली आणि पुसायला घेतलं. आधी तो हात पुसला, मग नवरा.