माळ्यावरची बाळंतीण

मी गोधडी बोलतेय. माझ्या मधोमध भोक आहे म्हणून हसू नका. त्याचीच तर गोष्ट सांगायचीय.

चऱ्होलीच्या अंबूबाईंनी मला शेखरच्या वेळी, दिवस गेलेले असताना शिवलं. बाहेरून दोन जुनी लुगडी, आत चिंध्यांचे थर. शेखर माझ्यावरच रांगला. पुढं तो चाकणला कंपनीत लागला, दिवाळीला कंपनीनं मऊ ब्लँकेट दिलं आणि माझी रवानगी पत्र्याखालच्या माळ्यावर झाली.

तिथं पत्रा आणि भिंतीमधल्या भोकातून एक खार यायला लागली. परसातला पेरू पिकला की आधी तीच चाखायची. मग माझे धागे ओढून ओढून तिनं माझ्या पोटात घर केलं. खाली शेखरची बायको स्वरूपा चार महिन्यांच्या दिव्याला पाळण्यात घालायची आणि वर खुडबुड झाली की दचकायची.

"अहो, तिनं वायर कुरतडली तर? पाळणा बरोबर खालीच आहे. बंद करा ना ते भोक."

एका सकाळी खार पेरूवर गेलेली बघून शेखरनं जाळी ठोकली. "झालं काम! आता कर म्हणावं बाहेर बिऱ्हाड," म्हणाला आणि दुपारी शिफ्टला गेला.

माझ्या घडीत कुणी हात घालून पाहिलंच नाही. आत तीन पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली.

खार जाळीवर धडका देत राहिली. पिल्लं इतकी बारीक रडत होती की मलाच जेमतेम ऐकू येत होतं. मला ना हात, ना तोंड. मी नुसती ऊब देत राहिले.

खाली दिव्या गाढ झोपलेली. तरी स्वरूपाला पान्हा फुटला, पदर भिजला. तिनं पाळण्यात वाकून पाहिलं. पोर शांत. मग तिनं हळूच मान वर केली.

"आई, शिडी धरा जरा."

माझी घडी उघडली आणि तिचा हात थांबला. "पोरं आहेत हो हिची! मी काय करून बसले!"

"रडती काय? जाळी काढ आधी," अंबूबाई खालून ओरडल्या. "ओली बाळंतीण हाय ती. सव्वा म्हैना बाळंतिणीला भाईर काढत्यात व्हय कुणी?"

जाळी निघाली. खार स्वरूपाच्या मनगटावरून पळत माझ्यात शिरली. माणसाचं भय तिला उरलंच नव्हतं. मुठीत मावेल एवढा जीव!

शेखर आल्यावर कुरकुरला. अंबूबाई म्हणाल्या, "वायर पायपात घाल, पाळणा पलीकडं सरकव. सव्वा म्हैना कुणी माळ्यावर चढायचं न्हाई."

"मग डिंकाचे लाडू पण करा तिला!"

"करीन की. तुझ्या वाटचेच दीन."

सव्वा महिना भरायच्या आधीच एका सकाळी खार निघाली. पिल्लू तोंडात धरलेलं, ते तिच्या गळ्याभोवती वळलेलं. पत्र्यावरून भिंत, भिंतीवरून आंबा. तीन खेपा झाल्या. आणि मग ती चौथ्यांदा आली. माझा कोपरा न् कोपरा हुंगला, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून.

शिडीवरून स्वरूपा हलकेच म्हणाली, "सगळी नेलीस गं बाई. जा आता."

आता मला सोड्यात उकळून, उन्हात वाळवून दिव्या बाळाच्या अंगाखाली अंथरलंय. ती भोकात बोट घालून खेळते. ठिगळ लावायला स्वरूपाचं मन होत नाही.

तुम्हीही खारीला जरूर घालवा, वायरीही जपा. पण भोक बुजवायच्या आधी माझ्यासारखीच्या घडीत एकदा हात घालून बघा. आम्हाला ओरडता येत नाही.